सिम्युलेटरवर राणी चन्नम्मा जुळवताना

सिम्युलेटरवर गाडी जुळवायला बसलेला माणूस आधी इंजिन निवडतो. त्याआधी साल ठरवा. इंजिन कोणतं, डब्यांचा रंग कोणता, गाडीचा नंबर किती आकडी, डब्यावर कोणत्या रेल्वेचं नाव, हे सगळं सालावर ठरतं. साल न ठरवता केलेली गाडी म्हणजे नुसती डब्यांची माळ.

आपण राणी चन्नम्मा एक्स्प्रेस घेऊ. बेंगळुरूहून रात्री निघते, हुबळी, धारवाड, लोंढा, खानापूर करत सकाळी बेळगावात येते आणि घटप्रभा, रायबाग, कुडचीवरून मिरजेकडे जाते. निपाणीकरांच्या दारात महामार्ग आहे, पण रेल्वे नाही. गाडीसाठी त्यांना चिकोडी रोड, मिरज, कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं. घरच्या पडद्यावर तेवढी धावपळ वाचते.

साल धरू 2009. म्हणजे गाडीचा नंबर चार आकडी, 6589. पाच आकडी नंबर 20 डिसेंबर 2010 पासून आले. पाटीवर ‘बेळगाव’च हवं, कारण ‘बेळगावी’ हे सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं. डब्यांवर दक्षिण पश्चिम रेल्वे चालेल. पण साल 2003 च्या मागे नेलंत, तर ही रेल्वेच नव्हती आणि हुबळी दक्षिण मध्य रेल्वेत होती. डबे निळे, आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) बांधणीचे. विटकरी रंग व्हॅक्यूम ब्रेकच्या जमान्यातला, तो इथे नको.

आता सामान. ‘ओपन रेल्स’ फुकट मिळतं आणि मायक्रोसॉफ्टच्या 2001 च्या ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेली इंजिनं-डबे त्यात चालतात. भारतीय डब्यांची मॉडेलं हौशी मंडळींनी केलेली आहेत. उतरवलेलं प्रत्येक मॉडेल ‘ट्रेनसेट’ फोल्डरात त्याच्याच नावाच्या उपफोल्डरात ठेवा आणि सोबतची माहितीची फाईल वाचा. बरीच इंजिनं आवाज आणि केबिन दुसऱ्या फोल्डरातून उसनी घेतात. तो फोल्डर नसेल तर इंजिन मुकं धावतं.

इंजिन हुबळी शेडचं डब्ल्यूडीपी-4, 4000 अश्वशक्तीचं डिझेल. याला केबिन एकाच टोकाला असते, त्यामुळे आखूड नाक पुढे की लांब हूड पुढे, हे तुम्हीच ठरवायचं. दोन केबिनचं डब्ल्यूडीपी-4डी 2009 मध्ये अजून यायचं होतं, ते कितीही देखणं असलं तरी हात लावू नका.

मग डब्यांची रांग. माझा साचा असा: इंजिनामागे एसएलआर (गार्ड आणि सामानाचा डबा), दोन जनरल, स्लीपरचे एस-1 ते एस-8, एसी थ्री टायरचे बी-1 व बी-2, एसी टू टायरचा ए-1, फर्स्ट आणि टू टायर अर्धा-अर्धा असलेला एचए-1, मग एक जनरल आणि शेवटी दुसरा एसएलआर. एकूण 17. अमुक तारखेच्या गाडीची ही नक्कल नव्हे, पण जनरल दोन्ही टोकांना आणि एसी एका जागी, ही रीत पाळलेली आहे. गोवा एक्स्प्रेस जुळवत असाल तर मध्ये पँट्री घाला. नव्या बनावटीचा एलएचबी डबा यात घुसवू नका. त्याचं कपलिंग वेगळं, लांबी जास्त आणि स्लीपरच्या बर्थ 72 ऐवजी 80.

खरी मेहनत इथून पुढे आहे. आठही स्लीपर एकाच मॉडेलचे टाकले, तर आठांवर एकच नंबर येतो, आणि जाणकार नजर तिथेच अडकते. आयसीएफच्या पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीच्या सालाचे असतात, उरलेले तीन प्रकाराचे: स्लीपर 201 ते 400, जनरल 401 ते 600, एसएलआर सातशेच्या पुढे. म्हणजे 98234 हा 1998 चा स्लीपर. डब्याच्या फोल्डराच्या चार-पाच प्रती करा, टेक्स्चरवरचे नंबर बदला, एखाद्याचा रंग थोडा उडवा. शिवाय खऱ्या रेकमध्ये सगळे डबे एकाच बाजूला तोंड करून नसतात. बाजूच्या बर्थची रांग कुणाची डावीकडे, कुणाची उजवीकडे. म्हणून गाडीच्या फाईलमध्ये दोन-तीन स्लीपरांना ‘फ्लिप’ द्या. एसएलआर मात्र अंदाजाने फिरवू नका, त्या काळचा फोटो शोधा.

वेगमर्यादा गाडीच्या फाईलमध्ये मीटर प्रति सेकंदात लिहायची असते. ताशी 110 किलोमीटरसाठी 30.6.

वजन डब्याच्या फाईलमध्ये बहुधा रिकाम्या डब्याचं असतं, स्लीपरला 40 टनांच्या आसपास. 72 माणसं आणि त्यांच्या बॅगा धरून पाच-सहा टन वाढवा. जनरलच्या 90 जागा कागदावर; गणपतीला बेंगळुरूहून गावी येणारी गाडी करत असाल तर तिथे दहा टनांनीही भागायचं नाही. ब्रेक तर हमखास परदेशी राहतात: आधीपासून 90 पीएसआय भरलेले. आपल्याकडे ब्रेक पाइप 5 किलो, म्हणजे 71 पीएसआय, आणि फीड पाइप 6 किलो, म्हणजे 85. इंजिनाच्या फाईलमध्ये हे आकडे घाला आणि सगळ्या डब्यांना दुहेरी पाइपचा एअर ब्रेक आहे का बघा.

चाचणी सपाट रुळावर घ्या. एफ-5 दाबून पाइपचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोचतोय का पाहा. गाडी आखूड वाटली तर डबे मोजा. न सापडलेला डबा प्रोग्रॅम गुपचूप गाळतो आणि तक्रार लॉग फाईलमध्ये लिहून ठेवतो. दोन डबे एकमेकांत घुसत असतील तर डब्याच्या फाईलमधली लांबी तपासा: बफरांसकट 22.3 मीटर. हीच गाडी कॅसल रॉकच्या घाटात न्यायची हौस असेल, तर 37 ला 1 चा चढ आहे, मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय जाऊ नका.

सगळं जमलं की 6590 ची, परतीची फाईल वेगळी करा. परतताना इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं, म्हणून डब्यांचा क्रम उलटा लिहायचा, ज्यांना फ्लिप होता त्यांचा काढायचा आणि ज्यांना नव्हता त्यांना द्यायचा. ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी आणि लाल दिवा आता दुसऱ्या एसएलआरवर.