रेणूंचे आकर्षण आणि फवारणीनंतरचे हात

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची शेती अजून नांदेड, बिदर, आदिलाबादकडे आहे. कापूस-तुरीच्या फवारणीसाठी ही मंडळी गावी जातात. काम संपले की हात नुसत्या पाण्याखाली धरले जातात आणि तेच हात भाकरीला लागतात. एवढ्याने औषध निघते का? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहू या.

पाणी किंवा तेल द्रवरूप राहते, कारण त्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. या आकर्षणाचे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार सर्व रेणूंत आढळतो. रेणूतील इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. ते क्षणभर एका बाजूला अधिक झाले की ती बाजू ऋण व दुसरी धन होते. शेजारच्या रेणूतही तसेच घडते आणि दोघे ओढले जातात. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली याचा उलगडा केला, म्हणून याला लंडन बल म्हणतात. तेल व रॉकेल यांचे रेणू मुख्यतः याच बलाने एकत्र राहतात.

दुसऱ्या प्रकारात रेणूची टोके कायमचीच धन व ऋण असतात. एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाकडे ओढले जाते. नखांचा रंग काढण्याच्या ॲसिटोनमध्ये असे आकर्षण असते.

तिसरा प्रकार हायड्रोजन बंधाचा. पाण्याच्या एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे जोराने ओढला जातो. याची ताकद किती? गोबरगॅसमधील मिथेनचा रेणूभार १६, पाण्याचा १८. वजन जवळजवळ सारखे, तरी मिथेन उणे १६१ अंशांवर उकळतो, तर पाण्याला समुद्रसपाटीवर १०० अंश लागतात!

पाण्याचे रेणू असे आपसांत घट्ट धरून असल्यामुळे तेलकट पदार्थाला त्यांच्यात शिरकाव मिळत नाही. अनेक कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात. ज्या डब्यावर ‘ईसी’ लिहिलेले असते, ते औषध पाण्यात टाकताच दुधासारखे दिसते. ते विरघळलेले नसते. त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात. त्वचाही तेलकट असल्याने असे विष तिला चिकटते व आत उतरते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. म्हणून साबण विषाला त्वचेवरून सोडवून पाण्याबरोबर नेतो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये. म्हणून एवढे पाळावे:

१. फवारणी संपताच साबण लावून भरपूर पाण्याने अंघोळ करावी. त्याआधी खाणे, विडी-तंबाखू किंवा लेकराला उचलून घेणे नको.

२. अंगावर उडालेले औषध रॉकेलने किंवा तेलाने पुसू नये. विष त्यात विरघळून त्वचेत अधिक शिरते.

३. औषधाने भिजलेले कपडे लगेच उतरवावेत व घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

४. चक्कर, घाम, मळमळ किंवा अंधूक दिसणे सुरू झाल्यास औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

शरीर ही परमेश्वराने आपल्या हाती दिलेली ठेव आहे. साबणाच्या एका वडीने ती राखता येत असेल, तर फवारणीच्या पिशवीत ती वडी आधी ठेवावी.