अडलेले आतडे, राखलेला धीर

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आत तंतुमय पट्टे तयार होतात आणि आतड्याची वेटोळी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींचे लहान आतडे मात्र, कधी महिन्यांनी तर कधी वीस वर्षांनी, अशा पट्ट्याखाली मुडपते आणि वाट अडते.

खुणा चार: थांबून थांबून येणारी कळ, उलट्या, पोटफुगी, आणि शौच व वारा सरणे बंद होणे. प्रस्तुत लेखकाने अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर अकरा वर्षांनी आलेली कळ गॅसची समजून आधी ओवा चावला, मग एरंडेल घेतले आणि रात्र घरीच काढली. पुढची वाट बंद असताना रेचकाने मागून रेटा दिला, की कळा व उलट्या वाढतात आणि शरीरातले पाणी झपाट्याने घटते. पोटावर जुना व्रण असेल आणि या खुणा दिसल्या, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

रुग्णालयात प्रथम खाणेपिणे बंद करतात. शिरेतून सलाइन देतात, रक्त तपासून पोटॅशियमसारखे क्षार भरून काढतात आणि लघवी मोजतात. नाकातून जठरात घातलेल्या राइल्स ट्यूबने साचलेले हिरवट पाणी बाहेर येते. पोटाचा ताण उतरतो, उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. सीटी स्कॅनवरून अडथळ्याची जागा कळते. त्यानंतर पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य नळीतून देऊन एक्स-रे काढतात. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलेले दिसले, तर आतडे शस्त्रक्रियेविना मोकळे होण्याची शक्यता मोठी असते. बहुतेक रुग्ण असेच बरे होतात.

ही वाट पाहणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते, आणि सहसा ७२ तासांपर्यंतच. ताप, वाढती नाडी, न थांबणारी वेदना किंवा पोट कडक होणे या खुणा आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याच्या असू शकतात. मग शस्त्रक्रिया लांबवता येत नाही. एरवी ती टाळण्यामागे एक कारण असेही, की नव्या शस्त्रक्रियेतून नवे पट्टे तयार होतात.

वारा सरू लागला की आधी पातळ, मग मऊ आहार सुरू होतो. पट्टे मात्र आत तसेच राहतात, त्यामुळे त्रास पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचे कागद हाताशी ठेवावेत, आणि पुढच्या वेळी कळ व उलटीसोबत वारा सरणे थांबताच रुग्णालय गाठावे.