मांजर आपलेंच अंग कां चावतें ?

मांजर हा स्वच्छताप्रिय प्राणी आहे, असें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. दूध पिऊन झालें कीं तें एका बाजूस बसतें, पंजा जिभेनें ओला करून तोंड पुसतें, आणि मग मान वळवून पाठ, पोट, मांड्या असें सर्व अंग क्रमाक्रमानें चाटून काढतें. या नित्यक्रमाचें आपणांस कौतुक वाटतें. व त्या कौतुकामुळेंच, तें प्रमाणाबाहेर चाटूं लागलें तरी आपलें तिकडे लक्ष जात नाहीं. मागें एका पावसाळ्यांत आमच्या मांजरीच्या पोटावरील केस पार नाहींसे झाले, तेथील कातडी गुळगुळीत व गुलाबी दिसूं लागली, आणि शेपटीच्या मुळाशीं तिनें चावून चावून जखम केली, तरी आम्ही घरची मंडळी "किती नीटनेटकी राहते पाहा!" असेंच म्हणत होतों. त्या चुकीपायीं मला या विषयाची जी माहिती मिळवावी लागली, ती विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडावी म्हणून येथें देत आहें.

मांजराची जीभ हातास लागली असतां कानशीसारखी खरखरीत वाटते. तिच्यावर शेंकडों बारीक कांटे असून ते घशाकडे वळलेले असतात. आपलीं नखें ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचीं झालेलीं असतात, त्याचेच हे कांटे होत. अमेरिकेंतील जॉर्जिया येथील दोन शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं असें दाखवून दिलें कीं, या कांट्यांचीं टोकें भरीव नसून पन्हाळीसारखीं पोकळ असतात. त्या पन्हाळींत लाळ भरून राहते व केसांच्या दाट थरांतून थेट कातडीपर्यंत पोंचते. कंगवा व पाण्याचें भांडें सृष्टिकर्त्यानें एकाच अवयवांत बसवून दिलें आहे म्हणाना ! या जिभेनें मेलेले केस निघतात, उन्हाळ्यांत ओल्या अंगास गारवा मिळतो, आणि मुख्य म्हणजे पिसवा निघतात. कॅलिफोर्नियांतील दोघां शास्त्रज्ञांचा या बाबतींतील एक प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. पिसवांनीं भरलेल्या एका घरांतील कांहीं मांजरांच्या गळ्यांत रुंद गळपट्टे घालून त्यांस अंग चाटतां येणार नाहीं असें केलें. तीन आठवड्यांनंतर त्यांच्या अंगावर, मोकळ्या ठेवलेल्या मांजरांच्या मानानें सुमारें दुप्पट पिसवा आढळल्या.

अर्थात् चाटणें हें मांजराचें औषधच आहे. मग तें औषध रोगासारखें कां होतें ? बहुतेक वेळां, कातडीला खाज सुटते म्हणून. आणि खाजेचें पहिलें कारण पुन्हां पिसूच. कांहीं मांजरांस पिसवेच्या लाळेचें वावडें असतें. अशा मांजरास एखाददुसरा चावाही पुरतो, व तें कित्येक दिवस अंग ओरबाडीत राहतें. येथेंच माणूस फसतो. खाजणारें मांजर इतकें चाटतें कीं, अंगावरील पिसू तें गिळून टाकतें. आपण केस विंचरून पाहतों, कांहीं सांपडत नाहीं, आणि "आमच्याकडे पिसवा नाहींत" असें छातीठोकपणें सांगतों. आम्हीही सांगितलें होतें ! याची परीक्षा सोपी आहे. मांजर पांढऱ्या कागदावर उभें करून शेपटीच्या मुळाजवळचे केस बारीक फणीनें विंचरावे. जे काळे कण पडतील त्यांवर पाण्याचा थेंब टाकावा. कणाभोंवतीं तांबूस डाग पसरला, तर ती माती नव्हे. पिसवेची विष्ठा होय, म्हणजे पचलेलें रक्त.

दुसरी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेंत करण्याजोगी आहे. उजाड जागेच्या कडेचे दोन चार केस सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे. केस आपोआप गळत असतील तर टोंकें निमुळतीं राहतात. मांजर चाटून तोडीत असेल तर तीं बोथट व तुटकीं दिसतात. कित्येक मांजरें कोणी पाहत नसतांच अंग चाटतात, म्हणून मालकास तें खरें वाटत नाहीं. पण तुटका केस साक्ष देतो.

पिसवांखेरीज खरजेचे किडे, गजकर्णाची बुरशी (ही मुलांसही लागते), एखाद्या अन्नाचें वावडें, परागांचें किंवा धुळीचें वावडें, हींही कारणें आहेत. क्वचित् मूळ कातडींत नसून आंत असतें : मूत्राशय दुखत असतां मांजर ओटीपोट चाटतें, सांधा दुखत असतां त्यावरची कातडी.

आतां मनाविषयीं. टिंबर्जेन व कोर्टलांट या डच शास्त्रज्ञांनीं १९४० सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, असें दाखविलें कीं, प्राण्याच्या मनांत दोन प्रेरणांची ओढाताण झाली म्हणजे तो भलतेंच कांहीं काम करूं लागतो. भांडणाच्या ऐन भरांत मांजर एकाएकीं बसून पंजा चाटूं लागतें, तें याच जातीचें वर्तन मानतात. घर बदललें, नवें मांजर आलें, म्हणजे हें चाटणें संवयीचें होऊं शकतें. परंतु ही उपपत्ति आपणांस फार लवकर पटते, असें माझें मत आहे. आमचा थोरला मुलगा त्याच सुमारास शिक्षणासाठीं परगांवीं गेला होता; मांजर त्याच्यासाठीं झुरतें, असें आम्ही ठरवून टाकलें, व त्या करुण कथेंत सहा आठवडे फुकट गेले. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, मानसिक कारणानें केस गेले असें समजलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी केली, तेव्हां १६ मांजरांत शारीरिक कारणच सांपडलें, ३ मांजरांत दोन्ही होतीं, आणि निव्वळ मानसिक अशीं फक्त २ निघालीं. म्हणून आधीं पशुवैद्य, मग मन.

उपायांपेक्षां अपायांविषयीं प्रथम लिहितों, कारण त्यांत जीव जातो. कुत्र्याच्या पिसवांवरील ज्या औषधांत पर्मेथ्रिन असतें, तें मांजरास कदापि लावूं नये. कुत्र्याचें यकृत हें द्रव्य झपाट्यानें निकामी करतें, मांजराच्या यकृतास तें साधत नाहीं. मांजरास झटके येतात व तें मरूं शकतें. रॉकेल, फिनेल यांचीही तीच गत. वर लावलेलें सर्व कांहीं मांजर चाटून पोटांत घेतें, हें विसरूं नये. वेदना कमी व्हाव्या म्हणून पॅरासिटामोल देणें तर सरळ विष देणें आहे. एक गोळीही प्राणघातक होऊं शकते.

पशुवैद्यानें दिलेलें मांजराचेंच औषध घरांतील सर्व कुत्र्यामांजरांस, सांगितलेल्या अंतरानें, कांहीं महिने लावावें. पिसवेचीं अंडीं अंगावर टिकत नाहींत. तीं सतरंजींत, फटींत, गादीखालीं पडतात, आणि कोशांतील पिसू महिनेच्या महिने वाट पाहूं शकते. यास्तव अंथरूणें कढत पाण्यांत धुवावीं, कोनेकोपरे रोज झाडावे. अन्नाचा संशय असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें निदान आठ आठवडे एकच ठराविक अन्न द्यावें. मध्येंच कोणीं प्रेमानें मासळीचा तुकडा टाकला कीं सारा प्रयोग व्यर्थ. मनाचें कारण असल्यास लपावयास उंच जागा, निराळें ताट, वेळच्या वेळीं खेळ, हें करावें. चाटतांना ओरडूं नये. भीतीनें तें अधिकच चाटतें. गळपट्टा जखम भरेपर्यंत ठीक, पण तो खाज थांबवीत नाहीं.

आमच्या मांजरीच्या पोटावर केस परत यावयास अडीच महिने लागले. शेपटीच्या मुळाशीं मात्र रुपयाएवढा डाग अजून उघडा आहे, व ती उन्हांत बसली म्हणजे तो दुरूनही दिसतो.