संगणक बदलताना मराठी मजकुराचा हिशेब

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. तेव्हापासून छोटे डीटीपीवाले, सोसायट्यांची कार्यालये, वकील, अनुवादक अशा सगळ्यांपुढे प्रश्न आहे: नवा संगणक घ्यायचा, की जुन्यावरच लिनक्स टाकायचे? बहुतेक जण यंत्राची किंमत विचारून निर्णय घेतात. मराठीत काम करणाऱ्याला मात्र सगळ्यात महाग पडतो तो जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर, आणि त्याचा अंदाज दुकानदार देत नाही.

यंत्राचा हिशेब सोपा आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन यंत्र चालेल की नाही ते सांगते. चालत असेल तर विंडोज 10 वरून 11 वर जायला पैसे पडत नाहीत. चालत नसेल तर नव्या लॅपटॉपला 35 ते 50 हजार धरा. नाहीतर लिनक्स मिंट किंवा उबुंटू, दोन्ही फुकट. सहा-आठ वर्षांच्या यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या. डिस्क आणि मजुरी मिळून तीन-चार हजारांत काम होते आणि फरक लगेच जाणवतो. घरगुती वापराच्या विंडोज 10 ला सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. ती 30 डॉलर भरून मिळते किंवा सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास फुकट.

फाइली हलवायला 1 टीबीची बाहेरची डिस्क घ्या, साधारण पाच ते सात हजारांची. ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर वाचता-लिहिता येईल. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. जुनी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावणार असाल तर बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू आहे का ते आधी पाहा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतले काही हाती लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत पावती शोधा. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्याच यंत्राला बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावर ‘सरेंडर’ करूनच नव्यावर चालू करावा. टॅली विंडोजचे सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे हिशेबनीस बसतो त्या टेबलावर लिनक्स टाकू नका. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, ते टोकन देणाऱ्याला विचारून घ्या. प्रिंटरचेही तसेच: एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात, पण आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 चालवायला खटपट करावी लागते. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालवून पाहता येते. एक पान छापून बघा, मगच ठरवा.

आता फॉन्ट. श्री-लिपी, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतीदेव, शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. फॉन्टची फाइल कॉपी केली तर वाचता येते, पण शोधता येत नाही, ईमेलमध्ये चिकटवता येत नाही, मोबाइलवर उघडत नाही. श्री-लिपीच्या जुन्या आवृत्त्यांना हार्डवेअर लॉकही लागतो. तो पॅरलल पोर्टचा असेल तर नव्या यंत्रात लावायला जागाच नसते.

म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर दोन ढीग करा. ज्यात पुन्हा बदल होणार नाही, म्हणजे जुन्या नोटिसा, पत्रिका, छापून झालेले अंक, त्यांची फॉन्टसह पीडीएफ करून ठेवा, खर्च शून्य. ज्याला पुन्हा हात लागणार आहे, म्हणजे पुस्तकाची पुढची आवृत्ती, करारांचे मसुदे, सभासदांची यादी, तेवढेच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता-शोधता येणाऱ्या मराठीत आणा. सगळे बदलायच्या हव्यासात पैसे जातात.

रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे फॉन्टचे नेमके नाव पाहूनच साधन निवडा. चुका ठरावीक ठिकाणी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलट. म्हणून ‘स्थिती’, ‘वर्षांनी’, ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’ असे शब्द आधी तपासा. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर साधन त्यांनाही देवनागरीत ढकलते आणि अर्थहीन अक्षरे उमटतात. तक्ते आणि आकडे वेगळे काढून ठेवलेले बरे. पेजमेकर 6 आणि 7 च्या बहुतेक फाइली फुकटच्या लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण मजकूर जुन्याच फॉन्टचा राहतो. तो काढून बदलावा लागतो.

खरा खर्च मुद्रितशोधनाचा. पानाला 20 रुपये धरले तरी 300 पानांच्या पुस्तकाचे 6,000 रुपये होतात. तो वाचवायचा मोह टाळा, कारण रूपांतरातली चूक टंकदोषासारखी दिसत नाही. शब्द जवळपास बरोबर वाटतो आणि नजरेतून निसटतो. काम बाहेर देणार असाल तर सगळ्यात जास्त जोडाक्षरे असलेली दोन पाने नमुन्याला द्या, दर शोधनासह आहे की फक्त रूपांतराचा ते लिहून घ्या, आणि मूळ फाइल कुणालाही देऊन टाकू नका. प्रत द्या.

नव्या कामासाठी फॉन्टवर पैसे घालायची गरज नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे फॉन्ट फुकट आणि सुबक आहेत. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींत आधीपासून असतो. जुनी डिस्क भंगारात द्यायच्या आधी किमान सहा महिने कपाटात ठेवा. त्या काळात जी फाइल लागेल आणि नव्या यंत्रावर सापडणार नाही, ती तिथे असेल.