चुंबकाचा पट्टा मागवण्याआधी

अगं, काकूच्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीवर बांधायला चुंबकाचा पट्टा मागवतेस म्हणे? उंद्रीत हे कुणी तुझ्या डोक्यात घातलं कोण जाणे, पण पैसे द्यायच्या आधी माझं ऐकून घे.

तुझ्या मोबाइलवर आलेला व्हिडिओ अगदीच थाप नाही. लोहाच्या ऑक्साइडचे कण करतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे. त्यांना कॅन्सरचं औषध जोडायचं, शिरेतून सोडायचं आणि बाहेरून चुंबक लावून गाठीपाशी थोपवायचं. हेतू चांगलाच आहे. काकूचं ते केमोचं लाल सलाईन अंगभर फिरतं आणि भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं, मग त्या गाठीतल्या असोत की केसांच्या मुळाशी. म्हणून तर केस जातात, तोंड येतं.

पण बर्लिनच्या डॉक्टरांनी 14 रुग्णांवर केलेला पहिला प्रयोग 1996 साली छापून आला, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या उपचारात ही पद्धत अजून आलेली नाही. कारण चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार लवकर ओसरते. फ्रिजवरच्या चुंबकामागे जाड वही धरून बघ, टपकन पडतो. त्यात रक्ताची धार जोराची, आणि पुष्कळ कण यकृत नि पानथरीच अडवून ठेवतात. तरी शोध थांबलेला नाही. मुंबईच्या आयआयटीत अशाच कणांना चुंबकीय क्षेत्राने तापवून गाठीतल्या पेशी मारण्यावर काम झालंय. आणि आपल्या लोणारच्या सरोवरात चुंबकाच्या रोखाने पोहणारे जिवाणू सापडलेत, पोटात लोहकणांची माळ घेऊन! कॅनडातल्या संशोधकांनी तसल्या जिवाणूंवर औषध लादून ते गाठीत पोचवलं, 2016 मध्ये. उंदरांच्या गाठीत, बरं का.

आता पट्ट्याचं. काकूच्या सलाईनमध्ये हे कण नाहीतच, मग पट्टा ओढणार काय? रक्तातल्या लोहाचं म्हणशील, तर असल्या पट्ट्याने तेही हलत नाही. विकणाऱ्याला एवढंच विचार आणि तोंड बघ त्याचं.

ते पैसे संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या गाडीभाड्याला ठेव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. रेशनकार्ड, आधार सोबत ने. पेरणी असो की लग्न, सलाईनची तारीख चुकवू देऊ नकोस. आणि घरात थर्मामीटर आण. ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर सकाळची वाट बघू नकोस. चिखली असो की खामगाव, रात्रीच दवाखाना गाठ, आणि केमो चालू आहे हे दारातच सांग.