मुलांचा मलावरोध आणि भौतिकोपचार

शौचाचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपण मानतो. मुलाला ताप आला तर सारे घर धावते. पण चार-चार दिवस पोट साफ होत नसेल तर ते मूल एकटेच सोसत राहते. राजुरी, आळे, बेल्हे या आपल्या परिसरातील पालकांना व विद्यार्थ्यांना या दुखण्याची शास्त्रीय माहिती व्हावी आणि त्यावर भौतिकोपचाराचा, म्हणजेच फिजिओथेरपीचा, कसा उपयोग होतो हे कळावे, हा या लेखाचा हेतू आहे.

मलावरोध कशाला म्हणावे?

रोज शौचास झालेच पाहिजे असा नियम नाही. चार वर्षांवरील मुलाला आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शौचास होणे, खडा मोठा व कठीण असणे, शौचाच्या वेळी दुखणे, कळ आली तरी दाबून धरणे, चड्डीला मळ लागणे, यांपैकी दोन किंवा अधिक लक्षणे महिनाभर टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक मुलांत यामागे आतड्याचा कोणताही रोग नसतो.

मग हे होते कसे? एखाद्या वेळी खडा होऊन दुखते, किंवा शाळेतील संडासात पाणी नसते, दाराला कडी नसते, म्हणून मूल कळ दाबते. मोठे आतडे थांबलेल्या मळातील पाणी शोषून घेते व मळ अधिकच कठीण होतो. पुढच्या वेळी जास्त दुखते, म्हणून मूल आणखी दाबते. असे चक्र सुरू राहिले की गुदाशय ताणून मोठा होतो आणि कळ आल्याची जाणीव मंदावते. साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो व कपडे खराब होतात. अशा मुलाला घरी मार बसतो, वर्गात हसे होते, कधी शाळाही सुटते. पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे, की हा आळस नव्हे आणि मुद्दाम केलेली घाणही नव्हे.

भौतिकोपचाराचे काम काय?

फिजिओथेरपी म्हटले की आपल्याला कंबर, गुडघा किंवा लकवा आठवतो. परंतु स्नायूंना योग्य काम शिकविणे हे तिचे मूळ कार्य आहे. शौचाच्या वेळी स्नायूंची दोन कामे एकाच वेळी व्हावी लागतात : पोटाच्या स्नायूंनी हलका दाब द्यायचा आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी सैल व्हायचे. कळ दाबण्याची सवय लागलेले मूल कुंथते, पण त्याच वेळी तळाचे स्नायू आवळते. म्हणजे दार लावून घेऊन आतून ढकलण्यासारखे होते. अशा मुलाला फिजिओथेरपिस्ट पुढील गोष्टी शिकवितात :

१) बैठक : उकिडवे बसल्याने तळाचे स्नायू सैल होतात व मार्ग सरळ होतो. या दृष्टीने आपला देशी संडास चांगला. कमोड असल्यास मुलाचे पाय लोंबकळू देऊ नयेत. पायाखाली पाट किंवा चौरंग ठेवावा, गुडघे कमरेपेक्षा वर यावेत.

२) वेळ : जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते. म्हणून जेवण झाल्यावर मुलाला ५ ते १० मिनिटे शांतपणे बसवावे. ओरडू नये, घाई करू नये.

३) श्वास : श्वास कोंडून कुंथू नये. पोट फुगवून श्वास घ्यावा व फुगा फुगविल्याप्रमाणे हळूहळू सोडावा. लहान मुले हे खेळत खेळत शिकतात.

४) पोटाची मालीश : ओटीपोटाच्या उजव्या बाजूकडून वर, बरगड्यांखालून आडवे, मग डाव्या बाजूने खाली, असा हलका हात फिरवावा. मोठ्या आतड्याची दिशा हीच आहे.

५) स्नायू ओळखणे : आवळणे आणि सैल सोडणे यांतील फरक मुलाला जाणवून देणे. हे तज्ज्ञाकडूनच शिकावे.

याचा गुण किती?

२०१७ साली नेदरलँड्समधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५ ते १६ वर्षांची ५३ मुले होती. नेहमीच्या उपचाराबरोबर फिजिओथेरपी मिळालेल्या २६ पैकी २४ मुलांना गुण आला. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्या २७ पैकी १७ मुलांना आला. मात्र २०२० साली त्याच देशातील दुसऱ्या अभ्यासात, साध्या दवाखान्यांत येणाऱ्या मुलांना सरसकट फिजिओथेरपी देऊन जादा फायदा दिसला नाही. यावरून एवढेच समजावे, की प्रथम डॉक्टरांनी दिलेले मळ मऊ करणारे औषध, पुरेसे पाणी, भाजी-भाकरी, फळे व ठरलेली वेळ. आणि एवढे करूनही जे मूल चुकीचे कुंथते त्याला भौतिकोपचार. साठलेला खडा औषधाने मोकळा झाल्याशिवाय व्यायामाचा उपयोग होत नाही. औषधही मनाने बंद करू नये. ते कित्येक महिने लागू शकते.

जन्मापासूनच त्रास असणे, मळात रक्त, हिरव्या उलट्या, पोट फुगणे, वजन घटणे, पायांत अशक्तपणा, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायामावर वेळ घालवू नये. तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

उपचार कोठे मिळतील?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. गरज पडल्यास पुण्याच्या ससून रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते. त्या पथकालाही संकोच न करता सांगावे. महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा जुनी आहे. १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते पोलिओग्रस्तांच्या गरजेतून. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः मुलींनी, या अभ्यासक्रमाचा जरूर विचार करावा.

शेवटी शिक्षक व शाळा समितीच्या सभासदांना विनंती, की शाळेच्या संडासात पाणी, कडी आणि स्वच्छता असावी व मुलाने परवानगी मागताच त्याला जाऊ द्यावे. एवढ्याने या दुखण्याचे एक मोठे कारण दूर होईल. आणि पालकांनी मुलाला मारण्याऐवजी जवळ घेऊन विचारावे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.