बिननावाची पुडी

आमवाताच्या रोग्याला उठताबसता ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "तुमची प्रतिकारशक्ती कमी पडतेय, ती वाढवा." हे वाक्य किती महागात पडतं ते मी जाणते, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती वाट चुकते. जंतूंवर तुटून पडायचं ते बळ स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतं. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, नळाची चावी फिरत नाही. मग या प्रतिकारशक्तीला आणखी चेतवायचं कशासाठी? गुळवेलीचंच घ्या. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवायला आमच्या उचगावातही तिचे काढे उकळले गेले. त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आढळली, तीही स्वप्रतिकारी आजारासारखी. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. असेलही. पण ज्याचं शरीर आधीच स्वतःवर उलटलंय, त्याने हा वाद मिटेपर्यंत काढा पीत का बसावं?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की तुमचा आयुर्वेदावर विश्वास नाही. आमवाताचं स्वतंत्र वर्णन माधवनिदानात हजार वर्षांपूर्वीच आलंय, हे मला ठाऊक आहे. कोइमतूरला ४३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आयुर्वेदिक औषधं, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध, तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांना साधारण सारखाच गुण आला. रुग्ण थोडे होते, म्हणून त्यावरून फार मोठी विधानं करू नयेत. पण तिथे कुठलं औषध, किती, कधी याची नोंद होती आणि रक्त वेळोवेळी तपासलं जात होतं. एकत्रित उपचार म्हणतात ते याला. उचगावातून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एकाच दिवशी डॉक्टर आणि वैद्य दोन्ही उरकता येतात, आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं जात नाही. तो एकत्रित उपचार नव्हे. डॉक्टर विचारत नाहीत, विचारलं तर खेकसतात, म्हणून रोगी लपवतो. तिकडे वैद्याकडे "इंग्रजी गोळ्या आधी बंद करा" ही पहिलीच अट असते. उद्या यकृत बिघडलं तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात माणूस वैतागतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी कागदात बांधलेली पुडी आणून देतो. दोन दिवसांत सूज उतरते! या वेगाचंच मला भय वाटतं. असा झटपट उतार स्टेरॉइडने पडतो, आणि 'जडीबुटी'च्या नावाखाली स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा तपासणीत सापडलंय. संधिवात, कोड, ल्युपस बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी जाहिराती चालूच.

मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, तेव्हा पाकिटावर वार लिहून घ्या, 'सोमवार' असा, अक्षरी. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही. बिडी-सिगारेट सोडा, झोप घ्या, झेपेल तसं चाला. काढा, तेल, चूर्ण, जे काही घेता ते एकाच वहीत लिहून डॉक्टर आणि वैद्य दोघांपुढे ठेवा. कुणी रागावलं तर रागावू दे. बिननावाची पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर घाबरून एकदम थांबवू नका. आत स्टेरॉइड असेल तर अचानक बंद केल्यावर रक्तदाब कोसळू शकतो. उरलेली पुडी तशीच उचला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.